मुलूख तिकिटावरचा : लेखांक ७
चांद मिनार, किंमत एक रुपया

गेल्या आठवड्यात आपण १९३५ चं अर्ध्या आण्याचं तिकीट पाहिलं. त्यावर मुंबईचं गेटवे ऑफ इंडिया होतं आणि शेजारी पंचम जॉर्जचा चेहराही होता. मराठवाडा त्याआधी चार वर्षं तिकिटावर आला होता, तोही कुठल्याच राजाच्या चेहऱ्याशिवाय.

मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाचं टपालखातं स्वतःचं होतं आणि चलनही. बाजारात हाली रुपया चाले, इंग्रजांचा तो कलदार. निजामाचं तिकीट संस्थानाच्या हद्दीपुरतंच. औरंगाबादहून पुण्याला पत्र धाडायचं तर इंग्रजी तिकीट लावावं लागे. या टपालखात्याने १९३१ मध्ये नवी माला काढली. एक आण्याला चारमिनार, दोन आण्यांना हैदराबादचं हायकोर्ट, चार आण्यांना उस्मानसागर तलाव, आठ आण्यांना अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार, बारा आण्यांना बीदरचा मदरसा आणि एक रुपयाला दौलताबादचा चांद मिनार.

या सहांत उस्मानसागर मला फार बोलका वाटतो. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त केलं. त्यानंतर शहर वाचवण्यासाठी विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं आणि त्यातून हा तलाव उभा राहिला. चारमिनारच्या पंगतीत अकरा वर्षांपूर्वीचा तलाव बसवायचा, ही निवड राज्यकर्त्याला काय मिरवावंसं वाटत होतं ते सांगते. बीदरचा मदरसा बहमनींचा वजीर महमूद गावान याचा, १४७२ चा. चांद मिनारही बहमनींचाच, पंधराव्या शतकातला. किल्ल्यात शिरल्यावर तो आधी दिसतो आणि मान वर करूनच पाहावा लागतो. एवढासा कागद उभा धरला, तरी त्या उंचीचा अंदाज येतो.

अजिंठ्याचं तिकीट नारिंगी. ते १९३१ मध्येच यावं यात मला योगायोग दिसत नाही. निजामाचं पुरातत्त्व खातं १९१४ चं, त्याचे प्रमुख गुलाम याझदानी. भित्तिचित्रांचे पोपडे सुटत होते म्हणून १९२० नंतर इटलीहून कारागीर आणले गेले. याझदानींच्या अजिंठ्यावरच्या भव्य ग्रंथाचा पहिला भाग १९३० मध्ये छापून आला, आणि पुढच्याच वर्षी हे तिकीट. लेणी आपण सांभाळतो आहोत, हे संस्थानाला जगाला सांगायचं होतं. सांभाळ खरा होता. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

दोन गोष्टी मात्र खटकतात. एक, वेरूळचं कैलास लेणं या मालेत नाही. अखंड कातळातून वरून खाली कोरत आणलेलं देऊळ ज्या राज्यात आहे, त्या राज्याच्या तिकिटांवर ते नसावं, हे मनाला पटत नाही. तेलुगू मुलखाचंही तसंच: राजधानी सोडली तर त्याचं काही नाही. वरंगळचं काकतीय तोरण तिकिटावर यायला १९४७ उजाडलं. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. चार आणि आठ पैंची तिकिटं याच मालेतली, पण त्यांवर चित्रच नाही, नुसती चिन्हं. म्हणजे रोजच्या साध्या टपालाला नक्षी, आणि अजिंठा-दौलताबाद जड पार्सलांवर. सोयगावच्या ज्या शेतकऱ्याच्या अंगणापासून लेणी जवळ, त्याच्या हातात लेण्यांचं तिकीट क्वचितच पडलं असेल.

पुढे १५ ऑगस्ट १९४९ रोजी स्वतंत्र भारताने शिल्प-स्थापत्याची सोळा तिकिटं काढली. सर्वांत महाग पंधरा रुपयांचं, त्यावर पालिताण्याचं शत्रुंजय मंदिर. सर्वांत स्वस्त तीन पैंचं, आणि त्यावर अजिंठा. या वेळी दार नाही. आतल्या चित्रांतला हत्ती, थेट बाहेर आलेला.

(पुढील आठवड्यात : नाशिकरोडचा छापखाना)