खालांचा दाखला आणि माझी यादी

आमच्या मोहल्ल्यात मला दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक, कविता लिहिणारा माणूस म्हणून. त्याचा कुणाला फारसा उपयोग नाही. दुसरे, फॉर्म भरून देणारा माणूस म्हणून. बी. ए. झालेला, घरात संगणक असलेला, उर्दू-मराठी-इंग्रजी वाचणारा, एवढ्या भांडवलावर परभणीसारख्या गावात माणूस अर्धा वकील होतो. शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विमा, रेशन कार्डात सुनेचे नाव, सगळे माझ्या ओट्यावर येते.

हे सगळे मी डोक्यात ठेवत असे. शेकडो शेर पाठ असलेल्या माणसाला चार तारखा जड आहेत का, अशी घमेंड होती. मग खालांचे प्रकरण झाले.

खाला आमच्या शेजारच्या. पती सरकारी खात्यात शिपाई होते, ते गेल्यावर यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण जिवंत आहोत हे कागदावर सांगावे लागते. केंद्र सरकारची 'जीवन प्रमाण' ही सोय २०१४ साली सुरू झाली, तेव्हापासून बोटांचे ठसे देऊनही काम होते. पण आयुष्यभर धुणीभांडी आणि वेचणी केलेल्या खालांचे ठसे यंत्राला उमटतच नाहीत. म्हणून त्यांना रिक्षाने बँकेत न्यावे लागते आणि ते काम माझे. त्या वर्षी एका कविसंमेलनाच्या गडबडीत नोव्हेंबर निघून गेला. जानेवारीत खाला दारात उभ्या. म्हणाल्या, "मैं जिंदा हूँ ना रे बेटा? फिर पैसे कायकू नहीं आए?"

दाखला दिल्यावर थकलेली रक्कम मिळाली. मधल्या दिवसांत त्यांनी किराणा उधारीवर आणला, हे मला नंतर दुकानदाराकडून कळले.

भाच्याने तेव्हा माझ्या संगणकावर एक कार्यक्रम बसवून दिला. नाव 'सुपर प्रॉडक्टिव्हिटी'. नाव ऐकून मी बिचकलो होतो. कारखान्याच्या फाटकावरची पाटी वाटते. पण आत आहे ती साधी कामांची यादी. (यादी हा शब्द फारसीतल्या 'याद'वरून मराठीत आला आहे. म्हणजे लिहून ठेवणे हेच आठवणे, हे आपल्या भाषेला आधीपासून ठाऊक होते.)

योहानेस मिलान या जर्मन प्रोग्रामरने हा कार्यक्रम लिहायला घेतला आणि पुढे अनेकांनी हात लावला. तो मुक्तस्रोत आहे. म्हणजे काय? मिठाईवाला मिठाई विकतो, कृती सांगत नाही. इथे कृतीही उघडी आहे. कुणीही वाचावी, बदलावी, वाटावी. मूळ लेखकाचे नाव आणि परवान्याचा मजकूर तेवढा सोबत ठेवायचा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या विचाराची चळवळ उभी केली. 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ मध्ये पडले. तो फुकट आहे ही गोष्ट दुय्यम. मला महत्त्वाचे वाटले ते हे, की हा कार्यक्रम खाते उघडायला सांगत नाही, मोबाइल नंबर मागत नाही. यादी माझ्याच संगणकात राहते. लोकांची कामे आपल्या हाती असतात तेव्हा ती कुणा तिसऱ्याच्या कपाटात ठेवू नयेत. शिवाय इंटरनेट बंद असले तरी यादी उघडते.

वापरायचे कसे? शिफ्ट आणि ए ही कळ दाबली की लिहायची ओळ येते. मी मराठीत लिहितो: 'शेजारच्या मुलाचा शिष्यवृत्ती अर्ज'. त्यापुढे इंग्रजीत ३० आणि एम लिहिले की अर्ध्या तासाचा अंदाज लागतो. ॲट चिन्ह देऊन वार-वेळ लिहिली की काम त्या दिवशी समोर येते. एका कामाच्या पोटात छोटी कामे घालता येतात: उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, आधार जोडलेले बँक खाते. एकेकावर बरोबरची खूण करत जायचे. कुठला कागद अडला आहे ते लगेच दिसते, आणि आईबापाला तीनदा चकरा माराव्या लागत नाहीत. काम सुरू करताना बाजूचे बटण दाबले तर वेळ मोजला जातो. त्यातून मला कळले की 'पाच मिनिटांचे काम' म्हणून मी जे घेतो ते सहसा पाऊण तासाचे असते. एकदा 'कविता' असेही काम लिहून पुढे वेळ टाकली होती. ते पुसून टाकले.

सगळ्यात मोलाची सोय म्हणजे पुन्हा येणारे काम. रोज, आठवड्याला, महिन्याला किंवा वर्षाला एखादे काम आपोआप यादीत यावे असे सांगता येते. खालांचा दाखला मी दरवर्षी १ नोव्हेंबरला लावला आहे.

आता उणिवा. मी वापरतो त्यात आज्ञा इंग्रजीत आहेत. पहिला आठवडा भाच्याला शेजारी बसवावे लागले. जुन्या संगणकावर उघडायला वेळ घेतो. आणि टेबलावरच्या संगणकावर कार्यक्रम चालू असेल तरच आठवण येते. संगणक बंद तर यादीही गप्प. म्हणून सकाळी चहा घेताना मी तो सुरू करतो, मगच वर्तमानपत्र उघडतो.

आधार क्रमांक, खाते क्रमांक मात्र त्यात लिहू नका. आपला संगणक उघडणाऱ्याला यादी वाचता येते. मी फक्त 'खाला, दाखला, रिक्षा सांगणे' एवढेच लिहितो.

यादी आपल्याच संगणकात म्हणजे तो बिघडला तर यादीही गेली. त्यासाठी सेटिंगमध्ये सगळी माहिती एका फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय आहे. महिन्यातून एकदा मी ती फाइल पेनड्राइव्हवर घेतो. तो पेनड्राइव्ह कपाटात, खालांच्या पेन्शनच्या कागदांच्या पिशवीत ठेवला आहे. खालांनी त्याला काळा दोरा बांधून दिला आहे, हरवू नये म्हणून.