आदिवासींची जमीन : आदेशापासून ताब्यापर्यंत

आदिवासी शेतकऱ्याच्या हातून जमीन गेली ती क्वचितच एका दिवसात गेली. पावसाळ्यात घरातील धान्य संपले की सावकाराकडून खावटी आणावयाची, तिची फेड झाली नाही की जमीन गहाण टाकावयाची आणि अखेर खरेदीखतावर अंगठा उमटवावयाचा, अशी ती पायरीपायरीने गेली. कागद कायदेशीर दिसत असे. परंतु व्यवहारातील दोन पक्ष तुल्यबळ नव्हते. शहादा-तळोदा परिसरात १९७० नंतर अंबरसिंग महाराज व श्रमिक संघटना यांच्या नेतृत्वाखाली आदिवासी संघटित झाले, तेव्हा गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात ही त्यांची एक प्रमुख मागणी होती.

या अन्यायाच्या परिमार्जनासाठी राज्याने दोन उपाय योजले. जमीन महसूल संहितेतील कलम ३६-अ अन्वये ६ जुलै १९७४ पासून आदिवासींची जमीन पूर्वमंजुरीवाचून बिगर-आदिवासींकडे हस्तांतरित करण्यास मनाई झाली. हा पुढील हानी रोखण्याचा उपाय होय. मागील हानी भरून काढण्यासाठी जमिनी परत करण्याबाबतचा १९७४ चा अधिनियम करण्यात आला व तो १ नोव्हेंबर १९७५ पासून अंमलात आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या शेतजमिनी मूळ मालकास परत देण्याची तरतूद त्यात आहे. त्या काळी वैध ठरलेले व्यवहारही त्याच्या कक्षेत येतात, हे त्याचे वैशिष्ट्य होय. निरक्षर माणूस अर्ज करू शकेलच असे नाही, हे ओळखून जिल्हाधिकाऱ्यांना स्वतः होऊन चौकशी करण्याचा अधिकार देण्यात आला.

जमीन घेणाऱ्याचाही विचार कायद्याने केला आहे. त्यास जमिनीच्या आकारणीच्या ४८ पट रक्कम व केलेल्या सुधारणांचे मूल्य मिळते. आदिवासी शेतकऱ्याने ते अधिकाधिक १२ वार्षिक हप्त्यांत द्यावयाचे असते व जमीन स्वतः कसण्याची हमी द्यावयाची असते. डिसेंबर १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अधिनियम वैध ठरविला. दुर्बलाच्या अगतिकतेतून झालेला करार पुन्हा तपासणे हा सामाजिक न्यायाचाच भाग आहे, ही भूमिका त्यामुळे दृढ झाली.

तथापि आदेश निघाला म्हणजे जमीन परत मिळाली, असे समजणे चुकीचे ठरेल. सातबाराच्या उताऱ्यावर नाव लागले, पण नांगर जुन्या ताबेदाराचाच चालतो, अशी स्थिती उद्भवू शकते. बैलजोडी नाही, बियाण्यास पैसा नाही, म्हणून मिळालेली जमीन पुन्हा त्याच माणसास तोंडी बोलीवर कसावयास दिली जाते. पूर्वी ज्या वाटेने जमीन गेली, ती हीच वाट आहे.

ही वाट बंद करणे केवळ महसूल खात्याच्या हाती नाही. तलाठ्याने फेरफाराची नोंद करताना प्रत्यक्ष शेतात कोण उभा आहे हे पाहावयास हवे. शिक्षकाने पालकास त्याचा उतारा वाचून दाखविला, तरी अनेक फसवणुकी टळतील. ग्रामपंचायत सदस्यांवरील जबाबदारी तर अधिक आहे. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ साली झालेल्या पेसा कायद्यानुसार जमिनीचे हस्तांतरण रोखण्याचे व बेकायदा गेलेली जमीन परत मिळवून देण्यासाठी कारवाई करण्याचे अधिकार ग्रामसभेस व योग्य पातळीवरील पंचायतींस असावेत, असे ठरले आहे. ग्रामसभेत असा विषय निघतो तेव्हा देणारा व घेणारा दोघेही त्याच गावचे असतात. म्हणूनच तेथे उघडपणे झालेला निर्णय केवळ एका खातेदाराची जमीन सोडवीत नाही. गावात साचून राहिलेला जुना संशयही तो दूर करतो.

जमीन परत करणे हे उपकाराचे कृत्य नव्हे. ज्याचे होते, त्याचे त्यास पोहोचते करणे एवढाच त्याचा अर्थ आहे. आणि शेतातील पहिले पीक त्याच्या घरात आल्याखेरीज ते पोहोचले असे म्हणता येणार नाही.