थांबायचं की पुढे जायचं?

समजा, मित्रांसोबत बाइकवर लोणावळ्याला निघालात. वडगाव मागे पडलं आणि कामशेतच्या अलीकडे हायवेवर घोळका दिसला. कुणीतरी रक्तबंबाळ पडलंय. मोबाइल वर झालेत, शूटिंग चालू आहे. पोलिसांचं लचांड मागे लागेल, असं कुणीतरी पुटपुटतं. तुम्ही काय कराल?

या प्रश्नाभोवती फिरणारी एक गोष्ट येशूने सांगितली होती. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात, १०व्या अध्यायात ती आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता म्हणजे तिथला बोरघाटच, सुमारे हजार मीटरचा उतार. लुटारूंनी एका वाटसरूला अर्धमेला करून टाकलेलं. आधी याजक येतो, मग लेवी. दोघंही देवाच्या कामातले, पण बाजूने निघून जातात. थांबतो तो शोमरोनी. यहुदी ज्यांना जवळ करत नसत, त्या समाजातला! तो जखमा बांधतो, स्वतःच्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेतो आणि खर्चही स्वतःच्या खिशातून करतो.

गोष्ट सुरू होते ती ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नावरून. येशू तो प्रश्नच फिरवतो. त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला, ते तू सांग! रविवारी चर्चमध्ये ऐकलेलं वचन सोमवारी कुठे वापरायचं, असं विचारणाऱ्यांना इथेच उत्तर मिळतं.

पंडिता रमाबाईंनी ते जगून दाखवलं. शोमरोनी स्त्रीशी विहिरीवर बोलणारा येशू त्यांना भिडला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली आणि विधवांना आणलं, आपल्याच जिल्ह्यातल्या केडगावला आसरा दिला. तिथे शिक्षण होतं, शेती होती, छापखानाही होता.

आणि हो, थांबण्यासाठी ख्रिस्ती असावं लागत नाही. गोष्टीतला शोमरोनी तरी कुठे ‘आपल्यातला’ होता? लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र दरीत, धबधब्यात अडकलेल्यांसाठी धावतात, तेव्हा ते कुणाची जात-धर्म विचारत नाहीत.

आता पोलिसांच्या भीतीचं बघू. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला कायद्यात ‘गुड समॅरिटन’ म्हणतात, म्हणजे हाच आपला शोमरोनी. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-ए आलं. सद्भावनेने मदत केलीत, तर तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता देण्याची सक्तीही कुणी करू शकत नाही.

तेव्हा मित्रांनो, एवढं लक्षात ठेवा. आपली गाडी रस्त्याच्या कडेला, सुरक्षित जागी लावा. १०८ ला फोन करून जवळची खूण किंवा किलोमीटरचा दगड सांगा. वाहतं रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरा. मानेला किंवा पाठीला मार असेल, तर आग वगैरेचा धोका नसताना उगाच हलवू नका. आणि शुद्धीत असेल, तर त्याच्याशी बोलत राहा. मोबाइल तुमच्या हातात आहेच. शूटिंगसाठी की फोन लावण्यासाठी, एवढंच ठरवायचंय.