जामठ्याचा विजय, सिव्हिल लाइन्सची आठवण

डावाने जिंकणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या दोन्ही डावांतील धावा मिळूनही आपल्या एका डावाइतक्या न होणे. दुसऱ्यांदा फलंदाजीला उतरावेच लागत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपूरच्या जामठ्याच्या मैदानावर भारताने ऑस्ट्रेलियाला असेच हरवले. पाहुण्यांच्या धावा १७७ आणि ९१, भारताच्या ४००. विजय एक डाव आणि १३२ धावांनी. गुरुवारी सुरू झालेली कसोटी शनिवारीच संपली. रोहित शर्माचे शतक, जडेजाचे ७० धावांसह ७ बळी, दुसऱ्या डावात अश्विनचे ५.

सामन्यात चुरस उरली नाही की प्रेक्षक जुन्या हिशेबांकडे वळतात. नागपूरकरांकडे असा एक हिशेब होताच. ऑक्टोबर २००४ मध्ये सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर याच ऑस्ट्रेलियाने भारताला ३४२ धावांनी धूळ चारली होती. खेळपट्टीवर गवत राखलेले. ऐन वेळी गांगुली बाहेर, नेतृत्व द्रविडकडे. गिलेस्पीने सामन्यात ९ बळी घेतले आणि १९६९-७० नंतर प्रथमच कांगारूंनी भारतात मालिका जिंकली. तो पराभव घरच्या मैदानावरचा, म्हणून जास्त बोचणारा.

फिरकीला साथ देणारी जामठ्याची खेळपट्टी आणि २००४ची हिरवी खेळपट्टी, दोन्ही एकाच शहरातल्या. एकतर्फी निकाल केवळ खेळाडू ठरवत नाहीत, त्यात मातीचाही मोठा वाटा असतो. धावफलक वाचताना आधी खेळपट्टी कशी होती ते जरूर पाहा.