गोडो : फुकटचं, म्हणून तकलादू?

तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेलगतच्या बपेऱ्यात एखाद्या पोरीने मोबाइलचा गेम बनवायचं म्हटलं, तर उत्तर ठरलेलं: लाखाचा कॉम्प्युटर लागतो, पुण्याला जावं लागतं. पुण्याचं नाव उगाच निघत नाही. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० साली ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या नामांकनापर्यंत पोचला. तो अनरिअल या गेम बनवायच्या इंजिनवर बनला होता, आणि अनरिअलला दणकट यंत्र लागतं हे खरंच.

पण सगळीच इंजिनं तशी नसतात. बेकेटच्या नाटकात कधीच न येणाऱ्या पात्राचं नाव घेतलेलं गोडो शंभर एमबीच्या आसपास उतरतं, जुन्या लॅपटॉपवरही साधा द्विमितीय गेम सांभाळतं. अँड्रॉइडवरही चालतं, मात्र बोटाने कोड लिहायची हौस दोन दिवसांत फिटते. एक मेख आहे: गेम तयार करून बाहेर काढायचे साचे वेगळे उतरवावे लागतात आणि ते चांगलेच जड असतात.

‘आज फुकट, उद्या पैसे मागतील.’ ही शंका अनाठायी नाही. सप्टेंबर २०२३मध्ये युनिटी या दुसऱ्या इंजिनच्या कंपनीने दर इन्स्टॉलमागे शुल्काची घोषणा केली, गदारोळ झाला आणि वर्षभराने ती मागे घ्यावी लागली. गोडोचा कोडच २०१४पासून एमआयटी परवान्याखाली खुला आहे. कमाईत वाटा मागणारा मालकच नाही. ‘स्ले द स्पायर २’ या गेमचे निर्माते युनिटी सोडून इकडेच आले. तकलादू म्हणणाऱ्यांना एवढं पुरे.

उणिवा आहेतच. भव्य त्रिमितीय जगात अनरिअल पुढे आहे. प्लेस्टेशनसारख्या कन्सोलवर गेम न्यायचा, तर बाहेरच्या कंपनीची मदत घ्यावी लागते, कारण कन्सोलवाल्यांची गोपनीय साधनं खुल्या कोडात ठेवता येत नाहीत.

‘मराठी अक्षरं फुटतात’ हा समज मात्र जुन्या अनुभवातून आलाय. तिसऱ्या आवृत्तीत जोडाक्षरं सुटी पडत, ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाई. मार्च २०२३च्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरीची जुळणी नीट होते. म्हणजे बपेऱ्याकडच्या झाडीबोलीतले संवाद पडद्यावर सरळ उमटतात.

आणि सगळ्यात मोठा भ्रम: इंजिन गेम बनवून देतं. ट्रॅक्टर धानाच्या बांधीत चिखलणी करतो, पण पऱ्हे हातानेच रोवावे लागतात. टक्कर, आवाज, हालचाल इंजिन सांभाळेल. खेळणाऱ्याला पुन्हा का खेळावंसं वाटेल, हे त्याला ठाऊक नाही.

सुरुवात करणार असाल तर चौथीच आवृत्ती घ्या, पहिला गेम एका पडद्याचाच ठेवा आणि देवनागरी फॉन्ट प्रकल्पात स्वतः टाका. नाहीतर ब्राउझरमध्ये अक्षरांच्या जागी चौकोन दिसतील.