घरपट्टीचा वाद आणि हरकतीचा हक्क : नाशिकचा मागोवा

३१ मार्च २०१८ रोजी नाशिक महापालिकेचे तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांनी एक आदेश काढला आणि शहरातील मिळकतींच्या करयोग्य मूल्याचे दर बदलले. १ एप्रिल २०१८ नंतर पूर्ण होणाऱ्या बांधकामांना नवे, कितीतरी चढे दर लागू झाले. मोकळ्या भूखंडांचा दर चौरस फुटाला ३ पैशांवरून ४० पैशांवर गेला. त्यानंतरची काही वर्षे या शहरात घरपट्टी हा सर्वांत मोठा नागरी वाद राहिला. त्या वादाने नाशिककरांना काय दिले आणि काय द्यायचे राहिले, हे आता शांतपणे पाहायला हवे.

घराची बाजारातली किंमत किती, हे नाशिकची घरपट्टी विचारत नाही. ती घराला वाजवीपणे किती भाडे मिळू शकेल यावर ठरते. चटई क्षेत्रफळाला परिसर, बांधकामाचा प्रकार आणि वापर यांनुसार ठरलेल्या दराने गुणायचे, वर्षाचे भाडेमूल्य काढायचे आणि दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे. उरते ते करयोग्य मूल्य. समजा, ६० चौरस मीटरच्या सदनिकेला दर महिना चौरस मीटरला १० रुपये दर धरला, तर वर्षाचे ७,२०० रुपये होतात आणि करयोग्य मूल्य ६,४८० रुपये. त्यावर सर्वसाधारण कर आणि इतर करांची टक्केवारी बसते. हे टक्के ठरवण्याचा अधिकार महासभेचा.

२०१८ चा संघर्ष नेमका इथेच पेटला. कराचे टक्के ठरवणे सभागृहाचे काम असले तरी मूल्याचे दर ठरवणे आयुक्तांच्या अधिकारात येते, अशी प्रशासनाची भूमिका होती. मूल्य वाढले की टक्के न वाढताही बिल वाढते, मग लोकप्रतिनिधींना डावलून हे कसे चालेल, असा नगरसेवकांचा सवाल होता. दर जवळपास दोन दशके बदलले नव्हते, म्हणून प्रशासनाच्या म्हणण्यात तथ्य होते. पण वीस वर्षांचे साचलेले ओझे एकाच आदेशाने लोकांच्या माथी टाकणे अन्यायाचे होते, हेही तितकेच खरे.

आडगाव, मखमलाबाद, म्हसरूळ, पाथर्डी ही गावे १९८२ मध्ये महापालिका झाल्यावर शहराच्या हद्दीत आली. तिथे आजही शेती होते. मोकळ्या जागेवरच्या कराची बातमी येताच तिथला शेतकरी धास्तावला. आंदोलने झाली, महासभेने दरवाढीविरुद्ध ठराव केला. आयुक्तांनी काही दरांत कपात केली. त्यांच्यावर अविश्वास ठराव आला आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या सूचनेनंतर ऑगस्टअखेर तो मागे घेतला गेला. नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंढे यांची बदली झाली.

आयुक्त गेले, पण दरांचा प्रश्न तिथेच राहिला. जुन्या इमारतीतला रहिवासी जुन्या दराने कर भरतो आणि शेजारच्याच नव्या इमारतीत कर्ज काढून पहिले घर घेतलेले कुटुंब कितीतरी अधिक. रस्ता तोच, पाणी तेच, घंटागाडीही तीच. ही विषमता या वादाची सर्वांत दुःखद देणगी आहे. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, प्रशासकीय राजवट आली आणि या विषयावर बोलायचे हक्काचे व्यासपीठही कित्येक वर्षे गेले.

याच काळात इतर शहरांत काय घडले? मुंबईने २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत, म्हणजे बाजारातल्या किमतीवर आधारलेली आकारणी, स्वीकारली. त्या नियमांतील काही तरतुदी मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केल्या आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकांची ४० टक्के सवलत काढून घेतली गेली होती. पाठपुराव्यानंतर २०२३ मध्ये ती परत मिळाली. करआकारणी नियमाच्या चौकटीत नसेल तर ती बदलून घेता येते, हे दोन्ही शहरांनी दाखवले.

नाशिकमध्ये मोर्चे निघाले, पण प्रत्येक घरमालकाच्या हाती असलेल्या मार्गाची चर्चा फारच थोडी झाली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार मिळकतीची प्रथमच नोंद झाली किंवा तिचे मूल्य वाढले, तर मालकाला विशेष नोटीस द्यावी लागते. नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घेतली की सुनावणी होते. निर्णय मान्य नसेल तर कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे अपील करता येते. मात्र त्याला १५ दिवसांची मुदत आहे, आधी हरकत घेतलेली असावी लागते आणि मागणीची रक्कम भरावी लागते. आधी हरकतच घेतली नसेल, तर पुढचे दार बंद होते. क्षेत्रफळ जास्त धरलेले, स्वतः राहत असताना भाडेकरू दाखवलेला, निवासी वापर व्यावसायिक नोंदवलेला, अशा चुका सुनावणीतच दुरुस्त होऊ शकतात. त्यासाठी खरेदीखत, मंजूर नकाशा, भोगवटा दाखला आणि वीजबिल हाताशी हवे.

आकारणीच्या नोंदवहीची किमान चार वर्षांतून एकदा पूर्ण फेरतपासणी व्हावी, असे याच कायद्याचे नियम सांगतात. ते पाळले गेले असते तर वाढ थोडी थोडी, पेलेल अशी झाली असती आणि जुन्या-नव्या घरांत ही दरी पडली नसती. महापालिकेने आता दरांचे तक्ते प्रभागनिहाय, सोप्या मराठीत जाहीर करावेत आणि दर चार वर्षांनी खुल्या सुनावणीनंतरच ते बदलावेत. नागरिकांनी घरपट्टीचे बिल नुसते भरू नये, ते वाचावे. क्षेत्रफळ, वापर आणि दर ताडून पाहावेत. काही चुकीचे दिसले तर मुदत संपण्याआधी आपल्या विभागीय कार्यालयात लेखी हरकत नोंदवून पोच घ्यावी. हा हक्क कायद्याने दिलेला आहे. तो वापरला पाहिजे.