अवतार, आभासी
संगणकनिर्मित जगात वावरताना व्यक्ती जे दृश्य रूप धारण करते, त्यास आभासी अवतार म्हणतात. ‘खाली उतरणे’ या मूळ अर्थाचा हा संस्कृत शब्द १९८५ च्या सुमारास संगणकीय खेळांत आला व नील स्टीव्हन्सनच्या स्नो क्रॅश (१९९२) या कादंबरीमुळे प्रसार पावला.

धारण केलेल्या रूपाचा वर्तनावर परिणाम होतो. निक यी व जेरेमी बेलेन्सन यांच्या प्रयोगांत (२००७) उंच अवतार लाभलेल्या व्यक्तींनी पैशाच्या वाटणीत स्वतःस झुकते माप घेतले. देखणा अवतार लाभलेल्या व्यक्ती परक्याच्या अधिक निकट गेल्या. रूपे यदृच्छया वाटलेली होती, हे विशेष. ग्रीक पुराणातील बहुरूपी देवतेवरून यास ‘प्रोटियस परिणाम’ म्हणतात.

दक्षिण कोकणातील दशावतारी नटास हा अनुभव अपरिचित म्हणता येणार नाही. लिखित संहितेवाचून तो रात्रभर राजाच्या वाणीने बोलतो. पूर्वी तोच सकाळी संचाचे ओझे डोक्यावर घेऊन पुढील गाव गाठीत असे. मात्र तेथे रूप उतरविण्याची वेळ ठरलेली असते व मुखवट्यामागील माणूस प्रेक्षकांना ठाऊक असतो. आभासी जगात ही दोन्ही बंधने शिथिल होतात. त्यामुळे संकोची व्यक्तीस मोकळीक मिळते, तशीच तोतयेगिरीही सुकर होते.